सात महिने ‘इलमॅटिक’ आणि ‘बटरफ्लाय’

पैज भाच्याशी लागली, मिसळीची. तो म्हणाला, “मामा, तुझा नास आता म्युझियममध्ये. केंड्रिक ऐक.” ठरलं, अमेरिकन रॅपर नासचा ‘इलमॅटिक’ आणि केंड्रिक लमारचा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’, दोघांनी दोन्ही अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने ऐकायचे. मला सात महिने झाले. त्याचं दुसऱ्याच आठवड्यात शफल सुरू.

‘इलमॅटिक’ (१९९४) जेमतेम चाळीस मिनिटांचा. ठाण्याहून फास्ट पकडली की भायखळ्याच्या आसपास शेवटचं गाणं. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतला वीस वर्षांचा पोरगा (भाच्याच्याच वयाचा!) आपल्या गल्लीपलीकडचं फारसं काही बोलत नाही, पण भरतीची ओळ एक नाही. ‘लाइफ्स अ बिच’च्या शेवटी नासचे वडील ओलू दारा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवतात, तिथे अजूनही आवाज वाढवतो.

प्रभाव म्हटलं की सगळे शब्दांबद्दल बोलतात. मला वाटतं, खरी खोड या अल्बमने वेगळीच लावली. तेव्हा बहुतेक रॅप अल्बम एका प्रोड्यूसरच्या (गाण्याचं संगीत रचणाऱ्याच्या) किंवा एका चमूच्या हातचे असत. इथे डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर, एल.ई.एस. असे सगळे एकत्र आले, तरी चव एकच राहिली. पुढे ज्यांनी ही पद्धत उचलली, त्यातल्या अनेकांची खिचडी झाली.

‘टू पिंप अ बटरफ्लाय’ (२०१५) मात्र प्रवासात चालत नाही. ७९ मिनिटं, थंडरकॅटचा बेस, कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन. घरी, दार लावून बसावं लागतं. पहिले दोन महिने मी भारावलो होतो. मग गाण्यांच्या मधे थोडी थोडी वाढत जाणारी ती कविता रोज ऐकून खुपायला लागली. आवाजाची नक्कल फार कुणी केली नाही, पण ‘ऑलराइट’ त्याच वर्षी अमेरिकेत पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या मोर्चांत घोषणा झालं. ‘इलमॅटिक’मधल्या एकाही गाण्याला असं रस्त्यावर उतरता आलं नाही. इथे भाचा बरोबर.

म्हणजे मोठा ‘बटरफ्लाय’, पण हात जातो ‘इलमॅटिक’कडे.

‘बटरफ्लाय’चं शेवटचं गाणं बारा मिनिटांचं. त्यात केंड्रिक १९९६ मध्ये मारल्या गेलेल्या टुपाक या रॅपरशी बोलतो. टुपाकचा आवाज एका स्वीडिश रेडिओ मुलाखतीतला, साल १९९४. ‘इलमॅटिक’चंच! हे भाच्याला सांगितलं, तर म्हणाला, “टुपाक? त्यात टुपाक आहे?”

चौथ्या मिनिटालाच पुढे सरकतो लेकाचा. मिसळ त्याच्याकडे लागू आहे.