गुलमर्गचे गोल्फ मैदान : नावाजलेला इतिहास आणि प्रत्यक्षातला खेळ

काश्मीरच्या सहलीत गुलमर्गला पोहोचलेल्या मराठी मंडळींचा दिवस बहुधा गंडोलाच्या (रोपवेच्या) रांगेत आणि घोडेवाल्यांशी घासाघीस करण्यात जातो. त्याच हिरव्या पठारावर देशातील जुन्या गोल्फ मैदानांपैकी एक पसरलेले आहे आणि क्लबचे सभासद नसलेल्यालाही तेथे शुल्क भरून खेळता येते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. गोल्फ खेळणाऱ्यांना ते ठाऊक असते. परंतु त्यांच्यापर्यंत या मैदानाची जी कीर्ती पोहोचते ती दोन गोष्टींच्या बळावर, एक त्याची उंची आणि दुसरी त्याचे ऐतिहासिकपण. माझ्या मते यांतली पहिली गोष्ट चुकीच्या पद्धतीने सांगितली जाते आणि दुसरी अर्धीच खरी आहे. मैदान मात्र या दोन्हींच्या आधाराशिवायही खेळण्याजोगे आहे.

आधी उंचीविषयी. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर, म्हणजे जवळजवळ ८,७०० फूट उंचीवर आहे, आणि हे ‘जगातील सर्वांत उंच गोल्फ मैदान’ असल्याचे वाक्य पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरवले जात आहे. बोलिव्हियातील ला पाझचे मैदान ३,२०० मीटरच्याही वर आहे; इतके दूर जाण्याची गरज नाही, आपल्याच सिक्कीममध्ये कुपुप येथे लष्कराचे ‘याक’ नावाचे मैदान १३,००० फुटांवर आहे. हा विक्रम काढून घेतला म्हणून गुलमर्गचे काहीच बिघडत नाही. उंचीचा खरा परिणाम बॉलवर आणि खेळणाऱ्याच्या दमावर होतो, आणि तो पुढे सविस्तर सांगण्यासारखा आहे.

इतिहासाची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. पंजाबच्या उन्हाळ्याला कंटाळून वर येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुलमर्गला आपले उन्हाळी ठाणे केले. १८८८ मध्ये नेडूज हॉटेल उभे राहिले, आणि १८९०-९१ च्या सुमारास कर्नल नेव्हिल चेंबरलेन यांनी येथे सहा होलचे (होल म्हणजे बॉल ज्यात घालायचा ते भोक आणि तेथवरची खेळाची पट्टी) पहिले मैदान आखल्याचे सांगितले जाते. स्नूकर या खेळाचे श्रेय ज्यांना दिले जाते तेच हे चेंबरलेन. जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये त्यांनी तो खेळ १८७५ मध्ये सुरू केला, अशी कथा आहे. क्लबची स्थापना सर्वसाधारणपणे १९११ ची धरली जाते, आणि १९२९ पासून नेडूज हॉटेलच्या नावाचा चषकही खेळला जाऊ लागला. इंग्रजांच्या काळात या एवढ्याशा पठारावर तीन मैदाने होती आणि त्यांतील एक केवळ स्त्रियांसाठी राखीव होते. आज त्यांपैकी एकच उरले आहे.

येथे एक खुलासा करणे आवश्यक वाटते, कारण ‘ऐतिहासिक मैदान’ हे शब्द वाचून जाणारा खेळाडू काही वेगळीच अपेक्षा घेऊन जातो. आज आपण जे अठरा होल खेळतो त्यांची आखणी इंग्रजांच्या काळातली नाही. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकणारे ऑस्ट्रेलियन खेळाडू पीटर थॉमसन यांनी १९७० च्या दशकात हे मैदान नव्याने बेतले (दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानाची फेररचनाही त्याच दशकात त्यांनी केली होती), आणि त्यानंतर रणजित नंदा यांनी केलेल्या दुसऱ्या फेररचनेतून २०११ मध्ये सध्याचे, पार ७२ (म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत पुरे करणे अपेक्षित) आणि सुमारे ७,५०० यार्ड लांबीचे मैदान तयार झाले. म्हणजे जुने आहे ते पठार, त्याचे चढउतार आणि त्याभोवतीचे देवदार-फरचे जंगल. टी (पहिला फटका मारण्याची जागा), ग्रीन (भोक आणि झेंडा असलेला आखूड गवताचा भाग) आणि बंकर (वाळूचे खड्डे) मात्र आपल्या पिढीचे आहेत. शतकापूर्वीच्या साहेबाने जेथून फटका मारला तेथूनच आपणही मारत आहोत, या कल्पनेत रमायचे असेल तर रमावे, परंतु ती कल्पनाच आहे. जुन्या काळाशी खरोखर नाते सांगणारी वस्तू शेजारच्या टेकाडावरचे सेंट मेरी चर्च ही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले ते करड्या दगडाचे चर्च खेळताना अधूनमधून नजरेस पडते आणि दिशा ठरवायला चांगले उपयोगी पडते. दुसऱ्या टेकडीवरचे राणीचे शिवमंदिर जून २०२४ मध्ये आगीत होरपळले.

आता खेळाकडे वळतो. मुंबईच्या दमट, जड हवेत किंवा पुण्यात नेहमी खेळणाऱ्याने येथे पहिल्या टीवर उभे राहण्यापूर्वी आपल्या प्रत्येक क्लबचे (खेळायच्या काठीचे) अंतर विसरलेले बरे. या उंचीवर हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे पाव भागाने विरळ असते, त्यामुळे बॉलला होणारा विरोध कमी होतो आणि चांगला बसलेला फटका आठ ते दहा टक्के अधिक लांब जातो. चेंबूरच्या मैदानावर ज्याचा सेव्हन आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) १४० यार्ड जातो त्याचा येथे सहज १५० च्या पुढे जातो, आणि ग्रीनच्या मागे उतार असेल तर हा दहा यार्डांचा फरक चांगलाच महागात पडतो. ७,५०० यार्ड हा आकडा कागदावर छाती दडपवणारा दिसतो तो याच हिशेबाने हलका होतो. प्रत्यक्षात तो समुद्रसपाटीवरच्या सहा हजार नऊशेच्या आसपास खेळतो, आणि मागच्या, म्हणजे ग्रीनपासून सर्वांत दूरच्या टीवरून खेळण्याचा हट्ट सोडला तर त्याहूनही कमी.

विरळ हवेचा आणखी एक परिणाम आहे, ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. बॉलच्या फिरकीला धरून ठेवायला हवा कमी असल्यामुळे स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) आणि हुक (डावीकडे वळणारा) दोन्ही थोडे कमी वळतात, म्हणजे माझ्यासारख्या उजवीकडे भरकटणाऱ्या खेळाडूला फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्टीवर) टिकून राहिल्याचा अनपेक्षित आनंद मिळतो. मात्र त्याच कारणाने बॉल नेहमीइतका उंच चढत नाही, सपाट कोनात उतरतो आणि ग्रीनवर पडल्यावर पुढे सरकत राहतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, बर्फ वितळून जमीन ओलसर असताना, मऊ माती त्याला धरते आणि हा दोष झाकला जातो. सप्टेंबरात जमीन कोरडी झाल्यावर तो उघडा पडतो. तेव्हा बॉल थेट झेंड्यावर टाकण्यापेक्षा ग्रीनच्या तोंडाशी टाकून पुढे सरकू देणे शहाणपणाचे. माझा कॅडी, जो येथे लहानपणापासून बॅग वाहत आला आहे, ‘एक क्लब कम लीजिए, साहब’ (म्हणजे एक पायरी कमी अंतराचा क्लब घ्या) हे वाक्य जवळजवळ प्रत्येक होलवर म्हणत होता, आणि ज्या ज्या वेळी मी ते ऐकले नाही त्या त्या वेळी बॉल ग्रीनच्या मागच्या उतारावरून शोधून आणण्याचे कामही त्यालाच करावे लागले.

मैदान सपाट म्हणावे असे जवळजवळ कोठेच नाही. पठार बशीसारखे मध्ये खोलगट आणि कडेला चढते आहे, त्यामुळे फेअरवेच्या अगदी मधोमध बॉल पडला तरी पाय एका पातळीवर आणि बॉल दुसऱ्या पातळीवर अशी स्थिती वारंवार येते. एका लांब होलवर माझा बॉल पायांपेक्षा चांगला वीतभर वर, ओल्या गवतात अर्धा रुतून बसला होता. क्लब आखूड धरून, झेंड्याच्या बराच उजवीकडे नेम धरून मारलेला तो फटका त्या फेरीतला मला सर्वांत समाधान देणारा ठरला, जरी त्या होलवर पार काही साधला नाही. अशा जमिनीवर ड्रायव्हरने (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबने) मिळवलेल्या लांबीपेक्षा दुसऱ्या फटक्यासाठी सपाट जागा शोधण्याला किंमत अधिक आहे, आणि या आखणीचे मला वाटलेले सर्वांत मोठे यश तेच आहे. पठाराची मूळ ठेवण न बुजवता तिच्यावरच होल बसवले आहेत असे जाणवते.

ग्रीन मोठे आहेत, पण जलद नाहीत. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर गवताचा कल पाहून पटिंग (बॉल भोकाकडे हलकेच ढकलणे) करण्याची सवय येथे फारशी कामी येत नाही. येथे पाहायचा तो डोंगर. अफरवटच्या बाजूने खाली येणारा उतार डोळ्यांना अनेकदा दिसतच नाही, कारण मागचा प्रचंड डोंगर आपल्या नजरेची पातळीच बिघडवून टाकतो, आणि डावीकडे वळेल असे वाटणारा पटिंगचा फटका निमूटपणे उजवीकडे जातो. कॅडीचा नियम सोपा होता, अफरवटपासून दूर जाणारी बाजू हीच उताराची बाजू समजावी. तो नियम काही ठिकाणी फसला, पण माझ्या अंदाजापेक्षा कमी वेळा.

दमाचा प्रश्न गंभीरपणे घ्यावा लागतो. अठरा होल चालणे म्हणजे आठएक किलोमीटरची चढउताराची पायपीट, आणि मुंबईहून विमानाने श्रीनगरला उतरून त्याच दिवशी गुलमर्गला खेळायला उभे राहणाऱ्याला नवव्या होलपर्यंतच धाप लागते. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे; तेथे एखादी रात्र काढून, जमल्यास दल सरोवराजवळच्या रॉयल स्प्रिंग्ज मैदानावर हात मोकळा करून मग वर जावे. रॉबर्ट ट्रेंट जोन्स (धाकटे) यांनी आखलेले ते मैदान निगराणीच्या आणि टापटिपीच्या दृष्टीने गुलमर्गपेक्षा सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. तरीही दोनपैकी एकच खेळायला मिळणार असेल तर मी गुलमर्ग निवडेन, कारण तेथील जमिनीने विचारलेले प्रश्न मला आणखी कोठे कोणी विचारले नव्हते.

काही व्यावहारिक गोष्टी. हंगाम साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंतचा. बाकीचे महिने हेच पठार बर्फाखाली असते आणि त्यावर स्कीइंग चालते. मे महिन्यात शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दी असते आणि गवतही हिवाळ्यातून पुरते सावरलेले नसते, म्हणून खेळासाठीच जाणाऱ्याने जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर धरावा. भाड्याचे क्लब मिळतात, पण बाजारातल्या एका दुकानातून मी घेतलेल्या संचात ग्रिप इतक्या झिजलेल्या होत्या की निम्म्या फेरीनंतर हातमोजा फाटला. विमानाच्या सामानाच्या मर्यादेत बसेल असा सात-आठ क्लबचा अर्धा संच घरूनच न्यावा आणि विरळ हवेमुळे ड्रायव्हर नाही नेला तरी चालतो. परतीच्या प्रवासात श्रीनगर विमानतळाच्या प्रवेशद्वारापाशीच सगळे सामान उतरवून एकदा तपासले जाते, तेव्हा लांब बॅगेसह हाताशी वेळ जास्त ठेवावा. बॉल मात्र मुबलक न्यावेत, कारण जंगलाच्या कडेला गेलेला बॉल सापडतोच असे नाही. सोबत न खेळणारी मंडळी असतील तर त्यांना तेवढ्या वेळात गंडोलाने वर पाठवता येते, त्यांचीही सोय होते आणि कोणी खोळंबत नाही.

ज्यांना गालिच्यासारखे फेअरवे आणि ग्रीनवर नेमका थांबणारा बॉल हवा आहे, किंवा ज्यांना वेळेचे काटेकोर बंधन आहे, त्यांनी येथे येण्याची घाई करू नये. पठार गावाच्या मधोमध असल्याने भोवती घोडेवाले आणि फोटो काढणारे पर्यटक यांची वर्दळ असते, आणि फटका मारण्यापूर्वी कोणाला तरी बाजूला होण्याची विनंती करण्याची तयारी ठेवावी लागते. शिवाय उन्हाळ्यात दुपारनंतर अफरवटवर ढग जमून विजांसह सरी कोसळण्याचे प्रकार नेहमीचे आहेत, आणि उघड्या पठारावर हातात लोखंडी क्लब घेऊन उभे राहण्याची ती वेळ नव्हे. तेव्हा खेळाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम खाली टंगमर्गला किंवा श्रीनगरला न ठेवता वर गुलमर्गलाच ठेवावा, आदल्या संध्याकाळी कॅडी ठरवून घ्यावा आणि सकाळी साडेसात-आठच्या सुमारास पहिल्या टीवर असावे.