नऊ महिने, १७ डाइव्ह आणि एक विहीर: मारेस पक प्रो डाइव्ह कॉम्प्युटरचा अनुभव

आमचं ठिबकचं दुकान आहे. दिवसभर ‘किलो’ आणि ‘हेड’ हेच शब्द कानावर पडतात. दहा मीटर हेड (म्हणजे पाण्याची उंची) म्हणजे एक किलो प्रेशर, हे आमच्याकडच्या कुठल्याही केळीवाल्याला झोपेतून उठवून विचारा. त्यामुळे स्कूबाच्या कोर्समध्ये ‘दर दहा मीटरला एक बार वाढतो’ हा धडा आला तेव्हा मनात म्हटलं, साहेब, हाच तर आमचा धंदा. अडलं ते पुढच्या हिशेबाला. खाली किती मिनिटं राहिलं की अंगात किती नायट्रोजन मुरतो आणि वर आल्यावर तो किती वेळाने निघतो, हा हिशेब कागदी टेबलवर करताना मी दोनदा चुकलो. पाडी या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात १८ मीटरला जास्तीत जास्त ५६ मिनिटं आणि ३० मीटरला २०. पण ते टेबल अख्खी डाइव्ह सगळ्यात खोल जागीच काढली असं धरून चालतं. प्रत्यक्षात माणूस थोडा वेळ खाली, मग वर, मग आणखी वर असा फिरतो. म्हणून डाइव्ह कॉम्प्युटर: घड्याळासारखा मनगटावर बांधायचा, हा हिशेब क्षणाक्षणाला करणारा.

बजेट २५,०००च्या आत. माझ्याबरोबर कोर्स केलेल्या नाशिकच्या मित्राने शिअरवॉटर पेरेग्रिन घेतलं. रंगीत स्क्रीन, आकडे असे की चष्मा विसरलात तरी चालेल. हातात घेतल्यावर परत द्यावंसं वाटत नाही. पण त्या पैशात माझ्या बजेटचे दोन आले असते. माझ्या यादीत उरले तीन: सुंटो झूप नोव्हो, क्रेसी लिओनार्डो आणि मारेस पक प्रो. तिन्ही नायट्रॉक्सचा (जादा ऑक्सिजनच्या हवेचा) हिशेबही करतात, तिन्हींची बॅटरी घरी बदलता येते. झूपला चार बटणं, बाकी दोघांना एकेकच. सुंटो नवशिक्यांना जरा लवकर वर काढतं अशी ख्याती आहे, त्याला माझी हरकत नव्हती. पक प्रो घेतलं ते आकड्यांसाठी. काळे, ठसठशीत, दुपारच्या उन्हात बोटीवरही लख्ख दिसणारे.

डबा फोडल्यावर समुद्र गाठायला महिना होता. तेवढा धीर कोणाला? पाचोऱ्याजवळ मामांच्या शेतातली विहीर पावसाने भरलेली होती. जाळीच्या पिशवीत कॉम्प्युटर, सोबत दगड, आणि दोरीला दर मीटरला गाठ मारून खाली सोडलं. काठावर आप्पा बसलेले. आप्पा म्हणजे मामांचे थोरले भाऊ, वय ऐंशीच्या पुढे, विहिरीचं पाणी अजून ‘परस’ या पुरुषभर खोलीच्या मापात मोजतात. म्हणाले, “हिरमा उतराले घड्याय कसाले लागस रे भो?” आठव्या गाठीला थांबलो, दहा मिनिटांनी वर ओढलं. लॉगमध्ये कमाल खोली ७.८ मीटर. आधी वाटलं, आकडा खोटा. मग लक्षात आलं की सेटिंग खाऱ्या पाण्याचं होतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच-तीन टक्के जड, त्यामुळे तोच दाब त्याला कमी खोलीचा वाटतो. नायट्रोजनच्या हिशेबाला याने बाधा येत नाही, कारण तो दाबावरच चालतो. गंमत पुढे झाली. वर आल्यावर त्याने, अंगातला नायट्रोजन निघेपर्यंत म्हणून, १२ तास विमानात बसू नका असं बजावलं. म्हणजे दोरीला बांधलेल्या दगडालाही.

आता आत काय चालतं ते. मारेस-विन्के आरजीबीएम असं भारदस्त नाव आहे, पण दुकानात समजावून सांगायचं तर असं: दहा ड्रम मांडलेत आणि प्रत्येकाच्या तोंडाला वेगळा ड्रिपर. एकाला ८ लिटरचा, एकाला ४चा, एकाला २चा, असे उतरत उतरत अगदी कणकण टिपकणारेही. खाली गेलात की सगळे भरू लागतात, मोठ्या ड्रिपरचा लवकर, बारीकचा सावकाश. वर आलात की त्याच वेगाने रिकामे होतात. शरीरात असे ड्रम कुठे ठेवलेले नाहीत, हे गणिताने धरलेले दहा ‘टिश्यू’ आहेत. त्यातला कुठलाही एक काठाशी येणार असेल तर कॉम्प्युटर उरलेली मिनिटं कमी करतो. दुसऱ्या डाइव्हला वेळ कमी का मिळतो तेही यातच आलं: बारीक ड्रिपरचे ड्रम अजून रिते झालेले नसतात.

हे नेत्राणी बेटाला डोळ्यांनी पाहिलं. मुरुडेश्वरहून बोटीने जाताना पोटातलं सगळं समुद्राला अर्पण केलं, तो भाग सोडून देऊ. दुसऱ्या डाइव्हला मी आणि मित्र शेजारी शेजारी, खोली एकच. त्याच्या पेरेग्रिनवर माझ्यापेक्षा बरीच जास्त मिनिटं शिल्लक. ते ब्युलमन नावाच्या दुसऱ्या गणितावर चालतं आणि त्यात सावधपणा किती ठेवायचा हे आपण ठरवतो. वर आल्यावर तो म्हणाला, तुझं यंत्र घाबरट आहे. असेना. जोडीने उतरल्यावर ज्याचा आकडा कमी त्याने अंगठा वर केला की दोघांनी निघायचं, हे आमचं ठरलेलंच आहे.

पक प्रोने मला एकदाच दटावलं, अंदमानात. साधारण १६ मीटरवर कासव दिसलं. ते निवांत वर निघालं, मी मागोमाग. आजूबाजूला नुसतं निळं, तळ नाही, दोर नाही, आपण किती वेगाने चढतोय याचा पत्ता लागत नाही. मनगटावर बीप सुरू झाली. मिनिटाला दहा मीटरची मर्यादा मी ओलांडली होती. बीसीडीतली (हवा भरायच्या जॅकेटातली) हवा सोडली, थांबलो, कासव गेलं. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, त्याने सेकंदासेकंदाने मोजून घेतला. ती तीन मिनिटं मी कासवाऐवजी स्वतःच्या फिन्स बघत काढली.

आता बॅटरी, कारण माझ्या मते खरेदीचा निकाल इथेच लागतो. नऊ महिन्यांत पाण्यातले दिवस मोजले तर आठ. बाकी सगळे दिवस हे कपाटात. चार्जिंगचं यंत्र असं महिनोन्‌महिने पडून राहिलं तर ते उतरतं, आणि लिथियमची बॅटरी पूर्ण उतरलेली ठेवणं तिला मानवत नाही. दर महिन्याला आठवणीने चार्ज करणारे लोक असतात, मी त्यातला नाही. पक प्रोला सीआर२४५० सेल लागतो. फुले मार्केटमध्ये दोन दुकानांत २०३२ पुढे केला गेला, ‘हाच बसतो’ म्हणून. बसत नाही. २४ म्हणजे व्यास साधारण २४ मिलिमीटर, ५० म्हणजे जाडी ५. तिसऱ्या दुकानात मिळाला.

बदलताना मात्र घाई नको. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून मी हे यंत्र कपाटात खालच्या कप्प्यात, स्वेटर-शालींच्या घडीत ठेवतो. झाकण उघडून ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी रिंग) भिंगाखाली धरली तर तिच्यावर लाल लोकरीचा एक तंतू आडवा. उघड्या डोळ्यांना दिसलाही नसता. फिल्टरच्या गॅस्केटखाली वाळूचा एक कण राहिला तर दोन किलोलाच पाणी कसं फवारतं हे रोज बघतो, तरी चूक माझीच. पुसली, सिलिकॉन ग्रीसचं अगदी बारीक बोट फिरवलं, झाकण लावलं. आता आधी प्लॅस्टिकचा डबा, मग शाल.

खटकलेल्या गोष्टी पटकन सांगतो. एकच बटण असल्याने मेनूत पाहिजे ती ओळ चुकली की पूर्ण फेरी मारून या. लॉग घरच्या कॉम्प्युटरवर घ्यायची केबल वेगळी विकत घ्यावी लागते, मी नाही घेतली, वहीत लिहितो. सिलिंडरमधली हवा यात दिसत नाही, त्यासाठी गेज बघायचंच. संध्याकाळच्या डाइव्हला दिवा लावल्याशिवाय आकडे पुसट होतात. पट्टा वेटसूटवरून बांधायच्या मापाचा, आपण पातळ रॅशगार्डवर बांधला की शेपूट लोंबते. आणि जळगावात याची दुरुस्ती करणारं कोणी नाही, कुरिअरची तयारी ठेवा.

एक गोष्ट खास आपल्या भागातल्यांसाठी. डाइव्हनंतर किती थांबून विमानात बसायचं हा नियम सगळ्यांना माहीत असतो: एक डाइव्ह असेल तर १२ तास, बऱ्याच असतील तर किमान १८. पण तो नियम साधारण ६०० मीटर उंचीपासून लागू धरतात, आणि आपण समुद्रावरून घरी येतो ते घाट चढूनच. इगतपुरी ६०० मीटरच्या आसपास, आंबोली त्याहून वर. मालवणला सकाळी दोन डाइव्ह करून दुपारी गाडी काढून आंबोली चढणारे मी पाहिलेत. पक प्रो एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या की सरळ २४ तास दाखवतं. नेत्राणीहून आम्ही मंगला एक्सप्रेसने परतलो. मनगटावरचा ‘नो फ्लाय’ पनवेलच्या अलीकडेच विझला होता, मग कसारा घाट. तोरणमाळच्या यशवंत तलावात उतरू म्हणणारा एक उत्साही मित्रही आहे. ११०० मीटरच्या वरचं ते पाणी, तिथे आधी उंचीचं सेटिंग ए-१ करावं लागेल, शिवाय तलावात बघायचं काय, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये परत नेत्राणी ठरलंय. त्याआधी पाचोऱ्याला जायचंय. आप्पांनी निरोप पाठवलाय की औंदा विहिरीला किती परस पाणी आहे ते बघायला ‘ते घड्याय’ घेऊन ये. या खेपेला गोड्या पाण्याचं सेटिंग करूनच सोडणार.