समुद्रासाठी सर्कल हुक: दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत वापरून

पैठणला नाथसागरावर गळ टाकणाऱ्याला सर्कल हुक, म्हणजे गोलसर वळवलेला गळ, आधी बिघडलेलाच वाटतो. टोक दांडीकडे काटकोनात वळलेलं, मग मासा अडकायचा कुठे? अडकतो की, आणि बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यातच. मासा आमिष घेऊन वळला की दोरी ताणते, गळ घशातून सरकत येतो आणि ओठाच्या कडेला फिरून बसतो. मासा परत सोडायचा असेल तर हेच हवं. साधा जे आकाराचा गळ पोटात रुतला, तर सोडलेला मासाही पुढे जगेल याचा भरवसा नाही.

अट एकच, हिसका द्यायचा नाही. आपल्याकडे बूच बुडालं की हात आपोआप वर जातो. माझा मित्र मरळ धरण्यात पटाईत, पण अलिबागच्या खडकांवर त्यानं सगळे चावे असेच घालवले. दोरी ताणू द्यायची आणि नुसतं रीळ फिरवत राहायचं. कोळंबी लावतानाही टोक उघडं ठेवा. गळाचा पोकळ भाग आमिषानं भरला तर तो फिरतच नाही.

पाकिटावर सर्कल लिहिलंय एवढ्यावर घेऊ नका. ऑनलाइन आलेल्या एका स्वस्त पाकिटातला गळ फरशीवर ठेवला, तर टोक एका बाजूला उचललेलं. असा तिरका गळ खोल रुतायची भीती जास्त. सपाट बसेल तोच घ्या. स्टेनलेसही नको. गळ माशातच राहिला तर साधं पोलाद लवकर गंजतं, स्टेनलेस टिकून राहतं. अर्थात मग आपल्या डबीतलेही गंजतात, म्हणून घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन वाळवायचे. मे महिन्यात टँकरच्या पाण्यातली बादली रॉड-रीळ धुवायला मागितली की घरात काय ऐकावं लागतं, ते इथे लिहिता येणार नाही.

बार्ब, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, मी पकडीनं दाबून टाकतो. मग टोक सुती कापडातून ओढून बघायचं, धागा अडकला तर पुन्हा दाबायचं.

रात्रभर गाडी हाकून ऐन ओहोटीला पोचण्यात अर्थ नाही, म्हणून निघण्याआधी पंचांग बघा. मुंबई-अलिबागकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते: षष्ठीला साडेचार.

सोडताना हात ओले करा, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मोठा जिताडा जबड्याला धरून टांगू नका, पोटाखाली हात द्या. त्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, तेवढं सांभाळून. शेंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचे काटे विषारी असतात, तिथे लांब पक्कडच हवी. गळ घशात गेलाच तर ओढाओढ न करता तोंडाजवळ दोरी कापायची.

गळाचं माप म्हणाल तर शेंगाळा, तांबोशीसाठी 2/0 आणि जिताड्यासाठी 5/0 मला पुरले. ल्युअर, म्हणजे नकली आमिष, फेकणाऱ्यांनी मात्र यात पैसे घालू नयेत, याचं काम खऱ्या आमिषासोबतच आहे.