झाकण जोडलेली पाण्याची बाटली: वेचणीपासून मे महिन्यापर्यंतच्या वापरानंतर

बाटली 1 लिटरची, साध्या प्लास्टिकची. आट्यांचं झाकण आणि ते मानेला पट्टीने अडकवलेलं. मोंढ्यातल्या भांड्यांच्या दुकानात दीडशे-दोनशेला मिळते तीच. कापूस वेचणीपासून मे महिन्यापर्यंत शेतात, मोटारसायकलवर आणि एसटीत वापरली. झाकण हरवलं नाही, हे आधी सांगायला हवं. काळ्या रानातल्या भेगेत पडलेलं झाकण परत मिळत नाही. एसटीच्या सीटखाली गेलेलं मिळालं तरी पुन्हा बसवावंसं वाटत नाही. म्हणजे जोडणी हवीच. रोज डोकं उठवते ती पट्टी.

आपल्याकडे चारचौघांची बाटली उष्टी करत नाहीत, वरून धार धरून पितात. झाकण मोकळं लोंबत असलं की बाटली कलती करताच ते खालच्या बाजूला येतं, म्हणजे थेट धारेत. पाणी झाकणावर आपटून सदऱ्यावर. पट्टी आखूड, 3-4 सेंटीमीटरची असेल तर आणखी वाईट, कारण झाकण काठाला चिकटूनच राहतं आणि पाणी पट्टीवरून ओघळत कोपरापर्यंत जातं. बाटली भरलेली असताना आपण भीत भीत जरा कलती करतो, तेव्हा हे हमखास होतं. धार बारीक असली की पाणी काठ सोडत नाही, काठाखाली वळून बाहेरूनच वाहतं. उपाय सोपा आहे: पट्टी अंगठ्याच्या बाजूला घ्यायची, झाकण अंगठ्याने बाटलीच्या अंगाशी दाबून धरायचं आणि एकदम कलती करून जाड धार सोडायची. लहान मुलांच्या हाताला मात्र हे जमत नाही.

युरोपीय संघात 3 जुलै 2024 पासून 3 लिटरपर्यंतच्या, एकदाच वापरायच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांना झाकण जोडलेलं ठेवणं बंधनकारक आहे. तिथलं कारण कचरा. सुटी झाकणं किनाऱ्यांवर सापडतात. तिथले लोक तोंड लावून पितात, त्यामुळे त्यांची तक्रार झाकण गालाला टोचतं अशी. आपली तक्रार धारेची.

दुसरी कटकट गळतीची, आणि तिचं खापर उगाच वायसरवर फुटतं. झाकण दीड-दोन वेढे फिरतं, पण पट्टी झाकणाला पक्की जोडलेली असेल तर तिलाही पीळ पडतो. तो पीळ झाकणाला उलटं ओढत राहतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर डिकीत बाटली हादरली की झाकण पाव वेढा सैल होतं आणि सगळी डिकी ओली. चांगल्या बाटलीत झाकणाच्या माथ्यावर गुंडी असते आणि पट्टीचं भोक त्या गुंडीभोवती मोकळं फिरतं. शेतातला फुफाटा आणि बोअरच्या पाण्याचे क्षार त्या भोकात साचले की तेही फिरायचं थांबतं. शिवाय पट्टीच्या ताणामुळे झाकण तिरकं बसून आटे चुकतात. म्हणून लावताना आधी अर्धा वेढा उलटा फिरवायचा, ‘टक’ लागलं की मग आवळायचं. एवढ्यानेच निम्मी गळती थांबते.

माठातून तांब्याने भरताना काही अडचण नाही. जारच्या तोटीखाली मात्र लोंबतं झाकण आडवं येतं, आणि बसस्थानकावरच्या नळाला ते खालच्या ओल्या कट्ट्याला टेकतं. तिथे झाकण तळहातात धरूनच भरावं.

पट्टी कशाची आहे यावर तिचं आयुष्य ठरतं. झाकणासोबत एकसंध ओतलेली कडक प्लास्टिकची पट्टी सावलीत हजारदा वाकली तरी टिकते, पण उन्हात राहिली की आधी पांढरी रेघ दिसते आणि मग तिथेच तुटते. स्वस्त मऊ पट्टी काही महिन्यांत चिकट होते, नंतर कडक. सिलिकॉनची 42-43 अंशांतही मऊ राहते. मात्र तिला धूळ फार चिकटते आणि भोकाच्या कडेला चिरते. तरी घ्यायची तर तीच.

मानेभोवतीच्या कड्याखाली हिरवट थर साचतो, तो नुसत्या खळखळवण्याने जात नाही. आठवड्यातून एकदा कडं आणि वायसर दोन्ही काढायचे. अर्धा लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा लिंबूसत्त्व टाकून अर्धा तास भिजवायचे, मग दातांचा जुना ब्रश आट्यांमधून फिरवायचा. उकळतं पाणी ओतू नये, मान वाकडी होते आणि मग कोणतंच झाकण नीट बसत नाही.

पट्टी तुटल्यावर अनेकजण झाकण सुटंच वापरतात. त्यापेक्षा नायलॉनची बारीक दोरी घ्यावी. एक टोक मानेच्या खोबणीत, आट्यांच्या खाली, सैल फासाने; दुसरं गुंडीला. मधली दोरी 8-10 सेंटीमीटर राहिली की झाकण हाताखाली येतं, धारेत येत नाही. मूळ पट्टी एवढी लांब का देत नाहीत, हे कोडंच आहे. नवी बाटली घेताना दुकानातच झाकण पूर्ण आवळून पाहा. पट्टीला पीळ पडला तर ती बाटली परत ठेवा.