पावसाळ्याआधी कोणतं प्रशिक्षण घ्यावं: रेकॉर्डेड कोर्स की थेट सत्र?

मे महिना लागला की बेळगाव सीमाभागातल्या आरोग्य उपकेंद्रांवर चर्चा सुरू होते, यंदा पूर आणि साथींच्या तयारीचं ऑनलाइन प्रशिक्षण कुठलं घ्यायचं? 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या सिस्टरना आणि आशाताईंना प्रशिक्षणाचं महत्त्व कुणी सांगायला नको. अडचण वेळेची आहे. ओपीडी, लसीकरण आणि घरभेटी सांभाळून दोन्ही प्रकार नीट होत नाहीत, धड एकच होतो.

एक प्रकार म्हणजे आपल्या सवडीने पुरा करायचा रेकॉर्डेड कोर्स. केंद्र सरकारचं आयगॉट कर्मयोगी किंवा 2017 पासूनचं जागतिक आरोग्य संघटनेचं ओपनडब्ल्यूएचओ ही त्याची ओळखीची नावं. दुसरा म्हणजे इको पद्धतीचं थेट व्हिडिओ सत्र. डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सी च्या उपचारांसाठी ही पद्धत सुरू केली. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेमुळे ती कर्नाटकातही रुजली. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं तज्ज्ञ बोलतात, मग एखाद्या उपकेंद्राने आपली केस मांडायची आणि बाकीचा वेळ तिच्यावर सगळ्यांची चर्चा.

रेकॉर्डेड कोर्सच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. रात्री जेवणं आटोपल्यावर तो करता येतो. कणकुंबी, जांबोटीकडे पावसात रेंज गेली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडता येतो. प्रमाणपत्र मिळतं आणि ते सेवेच्या नोंदीत उपयोगी पडतं. हात धुणं, संसर्ग नियंत्रण, साथीची व्याख्या, आपत्तीत कुणाची कोणती जबाबदारी, हा पाया त्यातून चांगला पक्का होतो. नव्याने रुजू झालेल्या सीएचओने (उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने) तिथूनच सुरुवात करावी, याबद्दल फारसं दुमत नसावं.

भाषेच्या बाबतीत दोन्हीकडे थोडी ओढाताण आहे. खानापूरच्या मराठी आशाताईंना बोललेलं कन्नड बहुधा कळतं, पण कन्नड किंवा इंग्रजी प्रश्नपत्रिका वाचताना घाम फुटतो. थेट सत्रात शेजारी बसलेली सिस्टर दोन वाक्यांत मराठीत सांगून टाकते. महाराष्ट्रातलं मराठी प्रशिक्षण साहित्य वाचायला जरूर घ्यावं. मात्र कळवायची साखळी कर्नाटकाचीच धरावी: आयएचआयपी या रोगनोंदीच्या सरकारी पोर्टलवर उपकेंद्राचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी फॉर्म, प्रयोगशाळेचा एल फॉर्म आणि टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) कार्यालयाला फोन. सल्ल्यासाठी 104, रुग्णवाहिकेसाठी 108.

आता ज्या एका गोष्टीमुळे पारडं झुकतं, तिच्याकडे येऊ. रेकॉर्डेड कोर्स एक आकडा देतो आणि पुढे सरकतो. त्या आकड्याबद्दल शंका आली तर विचारायला माणूस नसतो.

उदाहरण विहिरीचंच घ्या, कारण पूर ओसरल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर 1000 लिटरला साधारण 2.5 ग्रॅम, असं कोर्समध्ये शिकवतात. विहिरीचा व्यास 2.5 मीटर आणि पाण्याची खोली 4 मीटर असेल, तर 3.14 × व्यासाचा वर्ग × खोली ÷ 4, म्हणजे 19.6 घनमीटर, सुमारे 19,600 लिटर पाणी. त्याला झाली 49 ग्रॅम पावडर. परीक्षेत हे उत्तर बरोबर येतं, प्रमाणपत्रही मिळतं.

पण वेदगंगेचं गढूळ पाणी शिरलेल्या विहिरीत ते 49 ग्रॅम कुठल्या कुठे जिरतात. गाळ आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते. त्यात ग्रामपंचायतीच्या खोलीत तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर ओल लागून कधीच मंद झालेली असते. 33 टक्के क्लोरीन हा आकडा ताज्या, बंद पोत्याचा आहे.

थेट सत्रात हाच प्रश्न टाकला की समोरून आधी उलटे प्रश्न येतात. पोतं कधी उघडलं? पाण्याचा रंग कसा आहे? हॉरॉक्सचा डबा (पावडर किती लागेल ते ठरवायचा कपांचा संच) आहे का? मग पायऱ्या सांगितल्या जातात. काळ्या कपात सपाट चमचाभर, म्हणजे 2 ग्रॅम पावडर घेऊन पेस्ट करा आणि खुणेपर्यंत पाणी घाला. सहा पांढऱ्या कपांत त्याच विहिरीचं पाणी भरून काळ्या कपातलं वरचं निवळ द्रावण पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यापर्यंत टाका. ढवळा, अर्धा तास थांबा, मग प्रत्येकात स्टार्च आयोडाइडचे (क्लोरीन असल्यास निळं होणारं द्रावण) तीन थेंब. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येईल, तितके चमचे 455 लिटरला लागतात. तिसरा कप निळा झाला तर 6 ग्रॅम. वरच्या विहिरीला मग 49 नव्हे, जवळपास 260 ग्रॅम पावडर लागते. पाचपटीहून जास्त! त्याच पोत्यातली पावडर आणि त्याच विहिरीचं पाणी वापरल्यामुळे दोन्हींचा दोष या चाचणीत आपोआप धरला जातो.

पुढचे बारकावेही चर्चेतच निघतात. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका. चुन्याचा साका विहिरीत ओतू नका, त्याने पाणी जड होतं. वरचं निवळ द्रावण बादलीने पाण्याखाली सोडून वरखाली हलवा. किमान एक तास कुणी पाणी शेंदू नये, म्हणून हे काम रात्री वॉटरमनला घेऊन केलेलं बरं. तासाभराने ऑर्थोटोलिडिन या क्लोरीन तपासायच्या द्रावणाने तपासल्यावर लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसायला हवं. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधाचंही असंच. आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन हे वाचून पाठ होतं, पण चिखलात काम केलेली बाई गरोदर असेल तर ती गोळी न देता डॉक्टरांकडे पाठवायचं, हे केस समोर आल्यावर पक्कं बसतं.

थेट सत्राचे तोटे लपवण्यासारखे नाहीत. वेळ बहुतेकदा ओपीडीच्या आड येते. तासभर सलग रेंज लागते आणि ती नेमकी केसच्या चर्चेत तुटते. एकेकटीने मोबाइलवर सामील झाल्यास लाजून कुणी बोलत नाही, आणि न बोलणाऱ्याला यातून रेकॉर्डेड कोर्सपेक्षा जास्त काही मिळत नाही. यावर उपाय आहेत. चार-पाच उपकेंद्रांनी रेंज असलेल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एका स्क्रीनपुढे बसावं आणि बाहेरचा स्पीकर लावावा. रेंज कमजोर असेल तेव्हा आपला व्हिडिओ बंद ठेवून फक्त आवाजावर राहावं, डेटाही पुष्कळ वाचतो. केस दोन दिवस आधी लिहून पाठवावी: वय, लक्षणं कधीपासून, पाणी कुठलं, घरात आणखी कुणाला त्रास, आतापर्यंत काय दिलं. रुग्णाचं नाव आणि घर क्रमांक काढून टाकावा.

ज्यांच्या गावात सलग अर्धा तासही रेंज टिकत नाही, किंवा ज्यांना यंदा प्रमाणपत्राची निकड आहे, त्यांनी रेकॉर्डेड कोर्स घेतला तर चूक म्हणता येणार नाही. ओपनडब्ल्यूएचओवर यशाच्या नोंदीसाठी 80 टक्के गुण लागत, त्यामुळे तशा कोर्सच्या प्रश्नावलीला बसण्याआधी टिपणं काढलेली बरी. पण पायाभूत कोर्स एकदा झालेला असेल, तर नदीकाठच्या उपकेंद्राने दुसरा तसलाच कोर्स घेण्यापेक्षा थेट सत्रांत एक केस मांडावी, असं मला वाटतं. कुणाचा अनुभव वेगळा असू शकेल.

सत्रांचं वेळापत्रक टीएचओ कार्यालयाकडून मेमध्येच मागून घ्या, म्हणजे लसीकरणाच्या दिवसाशी गाठ पडत असेल तर बदल सुचवता येतो. त्याच फेरीत पीएचसीतला हॉरॉक्सचा डबा उघडून बघा. पिपेट फुटलेलं असतं, चमचा हरवलेला असतो. स्टार्च आयोडाइड जुनं असेल तर नवं मागवा. खराब झालेल्या द्रावणाने निळा रंग येतच नाही आणि चांगली पावडरही निकामी ठरते.