चावरा पक्षी माणसाळवताना: टार्गेट काठी, टॉवेल की पंख कापणं?

पिंजऱ्यात हात घातला की कॉकटील फुत्कारतो, लव्हबर्ड बोटाला लटकतो, कोन्युर तर रक्त काढतो; हे सगळे घरी पाळले जाणारे परदेशी पोपट. सांगली-साताऱ्यात अशा वेळी तीन सल्ले मिळतात: टॉवेलमध्ये धरून हाताची सवय लावा, पंख कापा, नाहीतर टार्गेट काठीवर शिकवा, म्हणजे काडीच्या टोकाला चोच लावली की खाऊ द्या. चावणं थांबवायचं असेल तर आमचं मत ठामपणे काठीच्या बाजूने आहे. टॉवेल औषधपाण्यापुरता ठेवावा. चावण्यावरचा उपाय म्हणून पंख कापूच नयेत.

आधी कारण ओळखा. पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, तुरा मागे दबलेला आणि पक्षी कोपऱ्याकडे सरकतोय, तर ती भीती. उलट पुढे धावून येऊन फक्त पिंजऱ्याजवळ किंवा अंडी घालायला ठेवलेल्या मडक्याजवळ चावत असेल, तर तो विणीचा जोर आहे. तिथे कुठलंही शिक्षण सुरू करण्याआधी मडकं काढा, रात्री १०-१२ तास शांत अंधार द्या आणि पाठीवरून, पंखांखालून हात फिरवणं बंद करा; डोकं खाजवलं तर चालतं. आजवर शांत असलेला पक्षी अचानक चावू लागला, फुगून बसला किंवा खाणं कमी झालं, तर शिक्षण बाजूला ठेवून पशुवैद्याकडे न्या. साताऱ्याकडच्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. निघण्याआधी पक्षी तपासतात का, तेवढं विचारून घ्या.

टॉवेलची पद्धत झटपट वाटते. दोन-चार दिवस धरून ठेवलं की पक्षी चावायचा थांबतो आणि घरचे म्हणतात, माणसाळला. प्रत्यक्षात तो थिजलेला असतो. सोडल्यावर पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला चिकटतो आणि पुढच्या वेळी हात दिसताच आधीपेक्षा जोरात चावतो. शरीराचा धोकाही आहे. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास चालतो. टॉवेल छातीवर आवळला की पक्षी गुदमरतो. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात गुंडाळलेला पक्षी काही मिनिटांतच तापतो, चोच उघडी टाकून धापा टाकतो. नखं कापायला, औषध पाजायला टॉवेल लागतोच, पण तेव्हाही मान दोन बोटांत हलकी धरायची, छाती मोकळी ठेवायची आणि एक-दोन मिनिटांत सोडायचं. जाड चामडी हातमोजे तर नकोतच: दाब किती पडतोय ते कळत नाही आणि पक्षी हाताच्या आकारालाच घाबरायला शिकतो.

पंख कापल्याने चावणं का वाढतं? घाबरलेल्या पक्ष्याचा पहिला उपाय उडून जाणं असतो. तो काढून घेतला की उरते चोच. नव्याने येणारं, रक्त भरलेलं पीस कापलं गेलं तर बराच रक्तस्राव होतो, आणि जास्त कापल्यास पक्षी दगडासारखा पडून छातीचं हाड दुखावतो. ‘पंख्यात जाईल’ ही काळजी खरी आहे, पण त्यासाठी पंखा बंद, खिडकीला पडदा, आरसा झाकलेला एवढं पुरतं. कौलारू घरात मात्र पक्षी वाशांवर जाऊन बसतो नि उतरत नाही. तिथे छत असलेली एकच खोली शिक्षणासाठी ठेवा.

आता काठी. साधारण फूटभर लांब बांबूची काडी किंवा चॉपस्टिक चालते. सर्वात आवडता खाऊ वाटीतून काढून फक्त शिकवतानाच द्यायचा: कॉकटीलला बाजरीच्या कणसाचे दाणे, छोट्या बजरीगरला राळ्याचे तीन-चार दाणे, कोन्युरला सूर्यफुलाच्या बीचा तुकडा. खाऊ मोठा असला की तो खाण्यातच वेळ जातो आणि धागा तुटतो. तासगावचा बेदाणा हाताशी असतो, पण तो सुकवताना डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून लावतात ते तेल) आणि अनेकदा गंधकाची धुरी वापरतात, म्हणून टाळा. चांगलं धुतलेल्या द्राक्षाचा तुकडा बरा. उपाशी ठेवून शिकवू नका. ग्रॅमच्या काट्यावर वजन करत राहा. नेहमीच्या वजनाचा दहावा हिस्सा घटला तर थांबून डॉक्टर गाठा.

सुरुवात जाळीबाहेरून. पक्षी ताठरतो त्या अंतराच्या जरा मागे उभं राहा, काडीचं टोक पुढे करा. चोच लागताच ‘शाब्बास’ म्हणा आणि एक-दोन सेकंदांत दाणा द्या. उशीर झाला तर त्याने नंतर केलेली हालचालच पक्की होते. पक्षी काडी कुरतडायला लागला, तर पहिल्या स्पर्शालाच खाऊ देऊन काडी मागे घ्या. पाच मिनिटांची बैठक, दिवसातून दोन-तीनदा. मग काडीमागे डावी-उजवीकडे चालणं, नंतर उघड्या दारातून दुसऱ्या बसण्याच्या काठीवर येणं, आणि सगळ्यात शेवटी हात. अनेक जण इथेच घाई करतात. पक्षी बसण्याच्या काठीवर बिनधास्त चढतो म्हणजे हातावरही चढेल असं नाही. हात काठीशेजारी नुसता ठेवून खाऊ द्यायचे काही दिवस मध्ये हवेतच. याला काही आठवडे लागतात, मार खाल्लेल्या पक्ष्याला काही महिने. तेवढा धीर नसेल तर पक्षी जाणकार पाळणाऱ्याकडे देणं प्रामाणिकपणाचं.

चावलाच तर ओरडू नका, हात झटकू नका, चोचीवर टिचकी मारू नका. ओरडणं अनेक पोपटवर्गीयांना मजेदार वाटतं. शांतपणे खाली ठेवा, दहा सेकंद पाठ फिरवा आणि पुढच्या वेळी एक पायरी मागून सुरू करा.

हे सगळं परदेशी जातींसाठी आहे. आपला हिरवा कंठवाला पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे; तो घरात असेल तर शिकवत बसू नका आणि परस्पर सोडूनही देऊ नका, वनविभागाला कळवा.

काठीवर जम बसला की टॉवेलही तिच्याच मदतीने शिकवता येतो. तो टेबलावर पसरा, त्यावर दाणे टाका, काडीमागे त्यावरून चालवा. मग एक कडा उचला, नंतर पाठीला हलका स्पर्श, प्रत्येक वेळी दाणा. नखं कापायची वेळ येईपर्यंत हे झालेलं असेल तर धरपकड करावी लागत नाही.