एएमटी गाडीचा अनुभव: गिअरबॉक्स गेला नव्हता, प्रेशर गेलं होतं

एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर स्वतःच सांभाळणारी गाडी, घेताना मी किंमत आणि मायलेज एवढंच बघितलं होतं, आणि त्या दोन्हींबद्दल आजही तक्रार नाही. सिंहगड रोडच्या गर्दीत डावा पाय मोकळा राहतो आणि पेट्रोल मॅन्युअलएवढंच लागतं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी डोकं हलवते म्हणून लोक नाकं मुरडतात. पण गिअर बदलायच्या वेळी ॲक्सिलरेटर जरा सैल सोडला की तो झटका जवळजवळ जाणवत नाही. हा रिव्ह्यू पावसाळ्याआधी लिहिला असता तर पाचपैकी साडेचार दिले असते.

मग खंबाटकीचा घाट आडवा आला. जोडून सुट्टी, चढावर गाड्यांची रांग, आणि मीटरवर ‘ए’च्या (ऑटो) जागी ‘एन’ (न्यूट्रल) लुकलुकायला लागला. रेस दिली तर इंजिन नुसतं ओरडतंय, गिअर पडायचं नाव नाही. मागे उसाचा ट्रक. हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, थोडं थांबून पुन्हा चालू केली तर पहिला गिअर पडला. माथ्यावर पोचेपर्यंत हे पुन्हा पुन्हा झालं.

पुण्यात आल्यावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. निकाल लगेच मिळाला: “साहेब, ट्रान्समिशनच गेलंय, पूर्ण किट बदलावं लागेल.” आकडा ६०,०००च्या पुढचा. स्कॅनरवर कोड काय आला, असं विचारल्यावर बऱ्याच आढेवेढ्यांनंतर सांगितलं, पी०७००. माझा खरा राग इथे आहे. पी०७०० म्हणजे अंगात ताप आहे एवढंच सांगणं. ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरला काहीतरी खटकलंय आणि त्याने दिवा लावायला सांगितलाय, याच्यापलीकडे त्या कोडला काही अर्थ नाही. नेमकं काय खटकलं ते त्याच कॉम्प्युटरच्या मेमरीत दुसऱ्या कोडच्या रूपात असतं, आणि ते वाचायला ट्रान्समिशनमध्ये शिरणारा स्कॅनर लागतो. तो त्यांच्याकडे होता. रिपोर्टची प्रिंट मागितली तर “ग्राहकाला देत नाही” म्हणाले. तपासणीचे पैसे मात्र घेतले. ज्या तपासणीचे पैसे मी भरले, तिचा कागद मला का नाही?

गाडी तशीच काढून वारज्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बोनेटला हातही लावला नाही. म्हणाले, “ड्रायव्हरचं दार उघडा आणि जरा गप उभे राहा.” दार उघडल्याबरोबर आतून ‘घुंऽऽ’ असा पंपाचा आवाज आला. हा आवाज गाडी नवी असल्यापासून येतो, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. मग त्यांनी इग्निशन चालू करून ब्रेक दाबून ठेवायला लावला आणि गिअरचा दांडा एन, ए, आर असा फिरवायला सांगितलं. दांडा हलला की पंप वाजायचा. दर वेळी.

एएमटीत गिअरबॉक्स आपला नेहमीचाच, मॅन्युअलचा. क्लच प्लेटही तीच. फक्त आपल्या पायाचं आणि हाताचं काम ॲक्च्युएटर करतात. माझ्या गाडीत ते हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे आहेत. त्यांना लागणारं ऑइल छोटा इलेक्ट्रिक पंप साधारण ४०-५० बार दाबाने भरतो आणि तो दाब ॲक्युम्युलेटर नावाच्या छोट्या गोल डब्यात साठतो. डब्यात मध्ये पडदा, एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑइल. नायट्रोजन दाबला जातो, म्हणून दोनचार गिअर बदलेपर्यंत पंपाला पुन्हा चालू व्हावं लागत नाही. वर्षांनुवर्षांच्या वापराने तो गॅस निघून गेला की दाब साठतच नाही. प्रत्येक गिअरला पंप धावतो, तापतो, त्याचा रिलेही (पंपाला वीज देणारा स्विच) तापतो, आणि घाटात सारखे गिअर बदलायची वेळ आली की दाब पुरत नाही. मग कॉम्प्युटर सरळ न्यूट्रल करून मोकळा होतो.

मिस्त्रींनी ॲक्युम्युलेटर आणि रिले बदलला, ॲक्च्युएटरचं ऑइल नवं भरलं, स्कॅनर लावून क्लच नेमका कुठे धरतो ते कॉम्प्युटरला पुन्हा शिकवून घेतलं. सगळं मिळून ९,००० रुपयांच्या आत. त्यानंतर साताऱ्याला जाऊन आलो, ‘एन’ पुन्हा दिसला नाही.

मध्यंतरी मी ठरवलं होतं की पुढची गाडी टॉर्क कन्व्हर्टरचीच घ्यायची. तिथे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी ऑइल असतं. इंजिनाकडचं पंख्यासारखं चाक ऑइल फेकतं, समोरचं टर्बाइन त्या जोराने फिरतं, मधला स्टेटर परतणाऱ्या ऑइलला वळण देऊन सुटताना ताकद वाढवतो. घाटात गाडी अलगद उचलते, यात वाद नाही. पण मेव्हण्याच्या गाडीला याच काळात ५०-६०च्या वेगाला, ॲक्सिलरेटरवर पाय हलका असताना, रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर यायला लागली. त्याला सांगितलं इंजिन माउंटिंग. प्रत्यक्षात कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (वेग आल्यावर इंजिन आणि गिअर थेट जोडणारा) घसरत होता. कंपनीने ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ म्हटलेलं ऑइल काढलं तर लाल राहिलंच नव्हतं, तपकिरी, करपल्या वासाचं. ऑइल बदलल्यावर थरथर गेली. त्यामुळे माझं मत पुन्हा बदललं: चढाचा रस्ता रोजचा असेल तर कन्व्हर्टर घ्या, पण त्याचं ऑइल वेळेवर बदलण्याचा खर्च धरूनच हिशोब करा. शहरात पैसे वाचवायचे असतील तर एएमटी अजूनही मला पटते.

एएमटीवाल्यांना एक कळकळीने सांगतो, चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका. क्लच प्लेट तिथे जळते आणि ती वॉरंटीत सहसा मिळत नाही. ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा, समोरचा हलला की सोडा. आणि ‘ऑटोमॅटिक आहे’ म्हणून कोणी एटीएफ (टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) बदलायला सांगितलं तर थांबवा. एएमटीच्या गिअरबॉक्सला साधं गिअर ऑइल लागतं, हायड्रॉलिक ॲक्च्युएटर असतील तर त्यांचं ऑइल वेगळं असतं आणि त्याची टाकीही वेगळी.

तपासणीचे पैसे परत मिळावेत आणि स्कॅनचा रिपोर्ट लेखी मिळावा, असा ईमेल कंपनीला केलाय. उत्तर आलं की इथेच टाकतो. तोवर गाडीला पाचपैकी चार, सर्व्हिस सेंटरला शून्य.